वाढून बेढब झालेल्या हॉलीच्या झुडपाची छाटणी

हॉलीचे, म्हणजे चकचकीत आणि बहुधा काटेरी पानांचे सदाहरित झुडूप दहा-पंधरा वर्षे हात न लावता वाढू दिले, की त्याची बहुधा एकच अवस्था होते. बाहेरून ते हिरवेगार आणि भरलेले दिसते. फांद्या बाजूला सारून आत पाहिले, तर हिरवे असे काहीच आढळत नाही. आत असतात त्या उघड्या करड्या काड्या, एकमेकींवर घासून साल निघालेल्या फांद्या, वर्षानुवर्षे साचलेली आणि वाळूनही टोचणारी पाने, आणि काळोख. झुडपाची सारी पाने बाहेरच्या वीत-दीड वीत जाडीच्या थरात एकवटलेली असतात, कारण ऊन तेवढ्याच भागाला मिळते. दर वर्षीची नवी फूट या थराच्या बाहेरच्या अंगाने येते, आतली पाने सावलीमुळे गळतात, आणि झुडूप वर्षागणिक बाहेर सरकत पायवाट अडवते, खिडकी झाकते, शेजारच्या झाडांना दाबून टाकते.

अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो कुंपण छाटायची लांब पात्यांची कात्री घेऊन झुडूप चहूबाजूंनी गोल करून टाकण्याचा. हा उपाय दिसायला नीटनेटका असला, तरी त्याचा परिणाम उलटा होतो. फांदीचा शेंडा शाबूत असेपर्यंत तिथे तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे नवी फूट जिथून येते त्या कळ्यांना, दबवून ठेवते. शेंडा कापला की तो दाब सुटतो आणि कापाच्या लगत खाली असलेले दोन-तीन डोळे एकदम फुटतात. शेकडो शेंडे एकाच पातळीत कापले, तर त्याच पातळीवर दुप्पट-तिप्पट कोवळी फूट येते, पानांचा थर आणखी दाट होतो आणि आत ऊन पोहोचण्याची उरलीसुरली शक्यताही संपते. म्हणून अशा हॉलीची छाटणी आतून बाहेर करत जावी. मोजक्याच, पण जाड फांद्या, खोलवर हात घालून, त्या जिथून निघतात तिथेच कापाव्यात आणि ऊन आत येऊ द्यावे. पुढे सांगितलेली प्रत्येक कृती याच हेतूने करायची आहे.

झुडपाची ओळख पटवून घ्यावी

जुन्या फांद्यांना करवत लावताना मन कचरते, ते स्वाभाविक आहे. पण हॉलीच्या बाबतीत ती भीती बाळगण्याचे कारण नाही. पाइन किंवा सायप्रससारखी अनेक सूचिपर्णी झाडे पाने नसलेल्या जून लाकडातून पुन्हा फुटत नाहीत. हॉलीच्या जून सालीखाली मात्र सुप्त डोळे असतात, आणि ऊन मिळाले की उघड्या खोडावरही धुमारे येतात. झाडाची मुळे सशक्त असतील, तर अगदी बुंध्यापर्यंत कापलेले झुडूपसुद्धा सहसा सावरते.

मात्र झुडूप हॉलीचेच आहे ना, हे आधी पाहावे, कारण काटेरी, चकचकीत पानांची आणखीही झुडपे बागांत असतात. हॉलीची पाने फांदीवर एकाआड एक येतात, म्हणजे एका पेरावर एकच पान असते. ऑस्मँथसच्या एका जातीची पाने हुबेहूब हॉलीसारखी दिसतात, पण ती समोरासमोर जोडीने लागतात. महोनियाचे काटेरी पान म्हणजे एका देठावर लागलेल्या अनेक पर्णिकांची रांग असते. ही पाहणी पुढे कामालाही येते, कारण एका पेरावर एकच पान म्हणजे एकच डोळा, आणि तो डोळा ज्या दिशेला असेल त्या दिशेलाच नवी फांदी निघते.

हॉली म्हणजे इलेक्स या वंशाच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांचा आकार फार वेगवेगळा असतो. युरोपीय हॉली, म्हणजे इलेक्स अॅक्विफोलियम, मुळात एक वृक्ष आहे आणि मोकळे सोडल्यास ते दहा मीटरच्या वर सहज जाते. जपानी हॉली, म्हणजे इलेक्स क्रेनाटा, लहान, बिनकाट्याच्या पानांचे आणि सावकाश वाढणारे झुडूप आहे. जागा दोन मीटरची आणि झाड दहा मीटरच्या कुळातले असेल, तर एका छाटणीने प्रश्न सुटणार नाही. दर वर्षी त्याच्याकडे लक्ष द्यावे लागेल, हे सुरुवातीलाच मान्य करून कामाला लागावे.

आणखी एक गोष्ट फळांबाबत. हॉलीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. लाल फळे मादी झाडालाच येतात आणि त्यासाठी जवळपास नर झाड असावे लागते. जातीच्या नावावरून याचा अंदाज बांधू नये, कारण 'गोल्डन किंग' ही मादी आहे आणि 'गोल्डन क्वीन' व 'सिल्व्हर क्वीन' हे नर आहेत. झुडपाला आजवर एकही फळ आले नसेल, तर तो वाढलेल्या दाटीचा दोष असेलच असे नाही, आणि छाटणीने नराला फळे येणार नाहीत.

छाटणीची वेळ

मोठ्या छाटणीसाठी सर्वांत योग्य काळ म्हणजे हिवाळा सरत आलेला असताना, कडाक्याची थंडी ओसरल्यावर आणि नवी फूट सुरू होण्याच्या आधी. या वेळी झाडाने साठवलेले अन्न मुळांत आणि खोडात असते, आणि कापल्यानंतर थोड्याच आठवड्यांत वाढीचा हंगाम सुरू होत असल्यामुळे आलेल्या धुमाऱ्यांना जून होण्यासाठी पूर्ण उन्हाळा मिळतो. तेच काम शरद ऋतूत केले, तर उशिरा आलेली कोवळी फूट पहिल्याच हिमतुषारात करपते आणि झाडाची शक्ती वाया जाते. आकार टिकवण्यासाठी करायची हलकी छाटणी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, त्या वर्षीची फूट जरा घट्ट झाल्यावर करता येते. जाड फांद्यांना मात्र तेव्हा हात लावू नये.

वसंतात उशीर झाला तर दुसरी अडचण उभी राहते. दाट, काटेरी आणि सदाहरित असल्यामुळे हॉली पक्ष्यांना घरट्यांसाठी फार सोयीची असते. काम सुरू करण्यापूर्वी झुडपाच्या आत सर्व बाजूंनी पाहून घ्यावे, आणि वापरातले घरटे दिसल्यास पिल्ले उडून जाईपर्यंत छाटणी पुढे ढकलावी. अनेक देशांत वापरातले घरटे मोडणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा नसला तरीही हे पाळावे, असे मला मनापासून वाटते. झुडूप इतकी वर्षे वाढले आहे, ते आणखी दोन महिने थांबू शकते.

दिवस कोरडा निवडावा. थंड आणि ओल्या हवेत हॉलीच्या पानांवर काळे डाग पाडणारा, फायटोफ्थोरा या सूक्ष्मजीवामुळे होणारा रोग पसरतो, आणि ताज्या जखमा व ओली हत्यारे त्याला वाट करून देतात. झुडपावर असे काळे डाग आणि काळवंडलेल्या काड्या दिसत असतील, तर ओल्या हवेत छाटणी मुळीच करू नये.

फळांचा हिशेबही वेळेशीच जोडलेला आहे. युरोपीय हॉलीची फुले वसंतात, मागल्या वर्षी वाढलेल्या काड्यांवर येतात. त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीस जितक्या गेल्या वर्षीच्या काड्या निघतील, तितकी येत्या हंगामाची फळे कमी होतील. मोठ्या छाटणीनंतर दोन-तीन हंगाम फळे तुरळकच येतात, आणि ते सोसावेच लागते. फळे पूर्ण गमावायची नसतील, तर पुढे सांगितलेली टप्प्याटप्प्याची छाटणी निवडावी.

हत्यारे आणि अंगरक्षण

हत्यारे तीनच लागतात, पण ती धारदार असावीत. दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतच्या काड्यांसाठी सिकेटर, तीन-चार सेंटिमीटरपर्यंतच्या फांद्यांसाठी लांब दांड्याची कात्री आणि त्याहून जाड फांद्यांसाठी छाटणीची वक्र करवत. सिकेटर दोन पाती एकमेकांना घासून जाणाऱ्या प्रकारचे घ्यावे. एक पाते सपाट पट्टीवर दाबणारे सिकेटर ओली फांदी चिरडते. हॉलीचे लाकूड बारीक पोताचे, घट्ट आणि जड असते. बोथट करवतीने ते कापत बसण्यात दम जातो आणि काप फाटतो. सुरुवातीला आणि रोगट फांदी कापल्यानंतर प्रत्येक वेळी पाती सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावीत.

डोळ्यांवर चष्मा हवाच. झुडपात वाकून करवत चालवताना वरची फांदी अचानक सुटून तोंडावर येते, आणि हॉलीच्या पानाच्या कडेचा काटा डोळ्याला गंभीर इजा करू शकतो. कातडी हातमोजे मनगटाच्या वरपर्यंत येणारे असावेत, बाह्या जाड कापडाच्या असाव्यात, आणि झुडपाखाली गुडघे टेकण्यापूर्वी तिथली वाळकी पाने दाताळ्याने ओढून काढावीत, कारण सुकलेले पान ताज्या पानाहून जास्त बोचते. कापलेल्या फांद्या टाकायला शेजारी एक मोठी ताडपत्री अंथरली, की नंतर काटे वेचत बसावे लागत नाही. फांद्या विजेच्या तारांजवळ असतील किंवा शिडीच्या टोकावर उभे राहून करवत चालवावी लागणार असेल, तर ते काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे.

कापण्यापूर्वी पाहावे

पहिला काप घेण्याआधी झुडपाभोवती सावकाश फिरून ते सर्व बाजूंनी पाहावे, मग खाली वाकून बुंध्यापासून वर पाहावे. बाहेरून एक वाटणारे झुडूप आतून पाहिल्यावर पुष्कळदा चार-पाच वेगळ्या खोडांचे असते. जमिनीला टेकलेल्या खालच्या फांद्यांना मुळे फुटून, आपोआप दाब कलम झाल्यासारखी, तिथे स्वतंत्र रोपे उभी राहिलेली असतात आणि झुडपाचा घेर वाढण्याचे अर्धे कारण तेच असते. अशी रोपे मूळ झाडापासून कापून, मुळांसकट खणून काढली, तर एकही मोठी फांदी न कापता घेर बराच कमी होतो. त्याच वेळी बुंध्यात शिरलेल्या वेली आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेली इतर झाडांची रोपे मुळापासून उपटावीत. खोड मोकळे दिसल्याखेरीज कोणती फांदी कुठून येते ते कळत नाही.

वाळलेली फांदी कोणती याबद्दल शंका असेल, तर नखाने साल थोडी खरवडावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडे लागले तर मेलेली. कापावरूनही हे समजते: जिवंत हॉलीचे ताजे कापलेले लाकूड हस्तिदंतासारखे पांढरे असते, इतके की त्यावर पडलेला तपकिरी डाग लगेच उठून दिसतो. सगळी वाळकी लाकडे आधी काढावीत. त्यांची गणना छाटणीच्या प्रमाणात करायची नाही. झाडाला त्यांचा काही उपयोग नव्हता. जुन्या झुडपात एवढ्यानेच आतला भाग कितीतरी मोकळा होतो, आणि उरलेल्या फांद्यांची खरी मांडणी दिसू लागते.

ती दिसल्यावर झुडूप शेवटी किती उंच आणि किती रुंद हवे हे ठरवावे, आणि ठेवायच्या फांद्यांना रंगीत दोरा बांधावा. कापायच्या फांद्यांना खूण करण्याची पद्धत अनेकजण वापरतात. मला ठेवायच्या फांद्यांना खूण करणे अधिक सुरक्षित वाटते, कारण काम रंगात आल्यावर चूक होते ती नेहमी जास्त कापण्याचीच.

तीन वर्षांत नवे झुडूप

बहुतेक बागांसाठी मी हीच पद्धत सुचवेन. झुडपातल्या सर्वांत जुन्या, सर्वांत जाड किंवा सर्वांत बाहेर पसरलेल्या फांद्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वर्षी काढाव्यात, दुसऱ्या वर्षी आणखी एक तृतीयांश आणि तिसऱ्या वर्षी उरलेल्या. दर वर्षी दोन तृतीयांश पाने झाडावर राहत असल्याने त्याचे पोषण खंडित होत नाही, आडोसा टिकतो, थोडी फळेही मिळतात, आणि पहिल्या वर्षी पाडलेल्या खिडकीतून आत गेलेल्या उन्हामुळे दुसऱ्या वर्षी फांद्या कापण्याआधीच त्यांच्या जागा घेणारी फूट तयार असते.

निवड करताना एका बाजूच्या सगळ्या फांद्या एकाच वर्षी काढू नयेत. वेगवेगळ्या बाजूंनी, वेगवेगळ्या उंचीवर थोड्या थोड्या काढाव्यात. प्रथम घासणाऱ्या फांद्या घ्याव्यात: दोघींपैकी जिची साल जास्त गेली आहे किंवा जी आतल्या दिशेने वळली आहे ती काढावी. नंतर मधोमध सरळ वर गेलेल्या जोमदार पाणसोटांपैकी बहुतेक काढून एखाद-दुसरा, रिकाम्या जागेकडे झुकलेला, पुढची मुख्य फांदी म्हणून राखावा. शेवटी उंची आणि घेर. उंच फांदी कमी करताना तिचा शेंडा उडवू नये. फांदीवरून हात खाली नेत जावा आणि योग्य दिशेला जाणारी, मुख्य फांदीच्या किमान एक तृतीयांश जाडीची उपफांदी जिथे भेटेल, त्या बेचक्याच्या लगत वर काप घ्यावा. मग ती उपफांदीच नवा शेंडा होते, ऑक्सिनचा पुरवठा चालू राहतो, आणि कापापाशी धुमाऱ्यांचा झुपका येत नाही. झुडूप अर्धा मीटर ठेंगणे होते, पण कुठे कापले ते चार पावलांवरूनही दिसत नाही.

बारीक काडी मागे घ्यायची असेल, तर बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या पानाच्या वर पाच-सहा मिलिमीटरवर, डोळ्यापासून पाणी दूर निथळेल असा किंचित तिरका काप घ्यावा. एका पेराने मागे-पुढे सरकले तर डोळ्याची दिशा बदलते. आत तोंड केलेल्या डोळ्यावर कापलेली काडी वर्षभरात पुन्हा झुडपाच्या मध्यात शिरते, आणि हेच काम पुन्हा करावे लागते.

मधूनमधून काम थांबवावे, दहा पावले मागे जाऊन झुडूप पाहावे आणि मगच पुढची फांदी निवडावी. एक तृतीयांश प्रमाण संपले की थांबावे, मग आकार अर्धवट वाटला तरी चालेल.

काप कसा घ्यावा

जाड फांदी एका कापात उतरवली, तर ती आपल्याच वजनाने मोडते आणि खाली खोडापर्यंत सालीची लांब पट्टी सोलत नेते. ते टाळण्यासाठी तीन काप घ्यावे लागतात. पहिला काप शेवटच्या कापाच्या जागेपासून वीस-तीस सेंटिमीटर दूर, फांदीच्या खालच्या अंगाने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत घ्यावा. दुसरा त्याहून तीन-चार सेंटिमीटर बाहेर, वरून खाली. फांदी पडते आणि फाटणारी साल पहिल्या कापाशी थांबते. आता उरलेला खुंट हलका असतो, तो एका हाताने धरून तिसऱ्या कापाने काढावा.

तिसऱ्या कापाची जागा सर्वांत महत्त्वाची. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगीर, सुरकुतलेला पट्टा असतो. हॉलीची साल एरवी गुळगुळीत आणि करडी असल्यामुळे तो बोटांनाही जाणवतो. काप या फुगवट्याच्या लगत बाहेर घ्यावा. खोडाशी अगदी सपाट कापले तर हा पट्टा निघून जातो, आणि लांब खुंट सोडला तर तो वाळून कुजत आत जातो. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेले वनस्पतिरोगतज्ज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडांची खोडे उभी-आडवी चिरून जखमांचा अभ्यास केला आणि 1970 च्या दशकात हे दाखवून दिले, की झाड जखम झालेला भाग पुन्हा नवा करत नाही, तर त्याच्याभोवती रासायनिक व भौतिक भिंती उभ्या करून कूज तिथेच अडवते. फांदीच्या बुडाचा फुगवटा ही त्या भिंतीची जागा आहे. जखमेवर रंग, डांबर किंवा एखादा लेप लावण्याची गरज नाही, ही गोष्टही या संशोधनानंतर बागकामात रुजली: लेपाने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडून राहते. स्वच्छ, गुळगुळीत काप उघडाच ठेवावा.

एकदम बुंध्यापर्यंत कापायचे असेल तेव्हा

काही झुडपे टप्प्याटप्प्याच्या पलीकडे गेलेली असतात: खालचे दीड-दोन मीटर पूर्ण उघडे, वर एक टोपी, आणि मागे घेण्याजोगी एकही उपफांदी नाही. तिथे सगळी खोडे एकाच वेळी, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर किंवा मुख्य फांद्यांचा ठेंगणा सांगाडा राखून कापावीत. सांगाडा खाली रुंद आणि वर निमुळता ठेवला, तर वरची फूट खालच्या फुटीवर सावली धरत नाही. हे दृश्य पहिल्या महिन्यात फार उजाड दिसते आणि नव्याने पाने भरायला दोन-तीन हंगाम लागतात, याची घरातल्या सर्वांना आधी कल्पना द्यावी.

ही पद्धत केवळ निरोगी झाडासाठी आहे. पाने पिवळी पडलेली, फूट खुंटलेली, गेल्या उन्हाळ्यात पाण्याचा ताण सोसलेली किंवा अलीकडेच जागा बदललेली हॉली असेल, तर आधी वर्षभर तिला पाणी आणि आच्छादन देऊन सावरू द्यावे. जिथे उन्हाचा तडाखा मोठा आहे, तिथेही एकदम कापणे टाळावे, कारण वर्षानुवर्षे सावलीत राहिलेली पातळ साल अचानक उघडी पडली तर उन्हाने भाजते आणि तडकते.

उघड्या पडलेल्या खालच्या खोडांचा तिसराही उपयोग आहे, आणि तो फार कमी जणांच्या मनात येतो. जागा उंचीला अडत नसेल, तर दोन-तीन डौलदार खोडे निवडून बाकीची बुंध्याशी काढावीत, राखलेल्या खोडांवरच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या काड्या दोन वर्षांत हळूहळू काढाव्यात, आणि झुडपाचे छोटे झाड करावे. करड्या, नितळ खोडांवर हिरवा पिसारा फार शोभतो, आणि खाली सावलीतली रोपे लावायला जागा मिळते.

पिवळ्या किंवा पांढऱ्या कडांच्या पानांची हॉली असेल, तर छाटणीत पूर्ण हिरव्या पानांच्या फांद्या शोधून त्या उगमापाशी काढाव्यात. हिरव्या पानात हरितद्रव्य जास्त असल्यामुळे ती फांदी जोमाने वाढते आणि राहू दिली तर काही वर्षांत सारे झुडूप हिरवे होते. झाड कलमी असेल, तर कलमाच्या जोडाखाली खुंटावर आलेली फूटही अशीच काढून टाकावी.

छाटणीनंतर

काड्या आणि पाने लगेच उचलावीत. हॉलीच्या पानावर मेणाचा जाड थर असतो, त्यामुळे ती अखंड असताना कंपोस्टमध्ये फार सावकाश कुजतात. यंत्राने बारीक करून टाकली तर काम लवकर होते. फळे असलेल्या काड्या लहान मुले आणि पाळीव कुत्री-मांजरे यांच्या हाती-तोंडी लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, कारण पक्षी ती आवडीने खात असले, तरी माणसाला आणि कुत्र्याला त्यांनी उलट्या-जुलाब होतात. काळ्या डागांची रोगट पाने कंपोस्टमध्ये न टाकता वेगळी नष्ट करावीत. पानांवरच्या पिवळसर-जांभळट, फुगीर चट्ट्यांची मात्र काळजी करू नये. ती पाने पोखरणाऱ्या माशीच्या अळीची खूण असते आणि त्याने झाडाचे फारसे नुकसान होत नाही.

बुंध्याभोवती पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे कुजलेल्या पानांचे किंवा कंपोस्टचे आच्छादन घालावे, ते खोडाला चिकटू देऊ नये. हॉलीची बरीच मुळे वरच्या थरात असतात, म्हणून तिथे खणणे टाळावे. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा भरपूर, खोल मुरेल असे पाणी द्यावे. खत वसंतात एकदा, बेताचे. नत्राचा मारा केल्यास लांब, लुसलुशीत, कमकुवत धुमारे येतात, आणि उन्हाळ्याच्या शेवटी दिलेले खत थंडीत करपणारी उशिराची फूट घेऊन येते.

खरी राखण इथून पुढे आहे, आणि नेमके इथेच बहुतेकांचे लक्ष उडते. जाड कापांच्या खाली दाटीने धुमारे येतील; ते सगळे वाढू दिले तर तीन वर्षांत पुन्हा तीच दाटी. पहिल्या उन्हाळ्यात ते तसेच राहू द्यावेत, कारण झाडाला त्या वेळी प्रत्येक पान हवे असते. पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस विरळणी करावी: एका कापापाशी दोन-तीन, एकमेकांपासून दूर आणि बाहेरच्या दिशेला झुकलेले धुमारे ठेवून बाकीचे बुडातून काढावेत. छाटणीनंतरच्या फुटीवरची पाने नेहमीपेक्षा जास्त काटेरी असतात, म्हणून पायवाटेकडे तोंड असलेले धुमारे आधी काढलेले बरे. ठेवलेले धुमारे फार लांबले असतील, तर त्यांना उन्हाळ्याच्या उत्तरार्धात शेंड्याकडून तिसऱ्या हिश्श्याइतके मागे घ्यावे, म्हणजे खालून उपफांद्या फुटतात आणि आतला भाग पानांनी भरतो.

तिसऱ्या वर्षानंतर दर हिवाळ्याच्या अखेरीस दोन-चार जुन्या फांद्या उगमापाशी आणि दर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात बाहेर झेपावलेल्या काड्या, एवढेच काम उरते. झुडूप नीट मोकळे आहे का, हे पाहण्याची सोपी खूण अशी, की भर दुपारी खाली वाकून पाहिल्यावर बुंध्याजवळच्या जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले दिसले पाहिजेत. ते दिसेनासे झाले, की त्या हिवाळ्यात एक-दोन फांद्या जास्त काढाव्यात.